ॲव्हरेज किती देते?

पेट्रोल पंपावर रांग आहे. मागच्या स्कूटरवरचे काका तुमच्या नव्या गाडीकडे बघून हनुवटी उडवतात. "ॲव्हरेज किती देते?"

"पंचेचाळीस," तुम्ही सांगता. "हायवेला पन्नास." दुसरा आकडा थापेचा आहे हे काकांनाही कळतं, पण पंपावर एवढं चालतं.

आता मला सांगा, तुम्ही दोघं कशाबद्दल बोललात? पेट्रोलबद्दल, असं तुम्हाला वाटतंय. 'ॲव्हरेज' या शब्दालाच विचारलंत तर तो वेगळंच सांगेल. म्हणेल, मी भिजलेला, डागी माल आहे, समुद्राकाठच्या भांडणांत वाढलोय, आणि तुमच्या स्कूटरवर कसा येऊन बसलो ते माझं मलाही आठवत नाही. पटत नाही? मग हेल्मेट काढून ठेवा. टाकी नंतर भरू. पोहता येत असेल तर उत्तम.

आधी वास येतो. जहाजाच्या तळाशी आठवडेच्या आठवडे साचलेल्या पाण्याचा, कुजलेल्या चिखलासारखा. त्यावर डांबर, आंबूस दारू, ओले दोर, आणि फार दिवस अंघोळ न केलेली माणसं, ज्यांत आता तुम्हीही आलात. अंगावर जाड लोकरीचा अंगरखा आहे, मानेपाशी टोचतोय. आणि या सगळ्या घाणीतून मध्येच एक ओळखीचा झणका नाकात शिरतो. मिरी! बाजूच्या गोण्यांत मलबारची मिरी आहे. ती अरबी गलबतांतून तांबड्या समुद्रापर्यंत आली, तिथून उंटाच्या पाठीवरून आणि नाईलच्या पाण्यावरून अलेक्झांड्रियाला. या जहाजावर तुमच्या सर्वात जवळच्या गावची अशी तीच एक. तिला हळूच नमस्कार करा.

चौदावं शतक संपत आलंय. तुम्ही अलेक्झांड्रियाहून बार्सिलोनाला निघालेले व्यापारी आहात. खाली कोठारात तुमच्या कापसाच्या गासड्या आहेत, शंभर पौंड किमतीच्या. तुमचं सगळं त्यांत आहे. थोडं तुमच्या सासऱ्यांचंही आहे, पण तो विषय आत्ता नको.

सहप्रवासी ओळखून घ्या. मिरीवाला म्हातारा गोणीला टेकूनच झोपतो. साखरवाल्याच्या मिसरी साखरेच्या ढेपा गवतात गुंडाळलेल्या आहेत आणि रात्री त्या गवतात खुडबुड चालते. जहाजाचा मालक हाच कप्तान. त्याचा आवाज असा की वारा असो वा नसो, तो ओरडूनच बोलतो. खलाशांना रविवार, मंगळवार, गुरुवार मांस, इतर दिवशी शिजवलेली पेज, संध्याकाळी पावाबरोबर चीज, कांदा किंवा तारली. हे कप्तानाचं औदार्य नव्हे. बार्सिलोनाकडच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी आणि दर्यावर्दी मंडळींनी आपल्या रिवाजांची एक वही केली आहे, 'सागराची कोन्सोलात' म्हणतात तिला, आणि कोणत्या वारी खलाशाच्या ताटात काय पडावं हेसुद्धा तिच्यात लिहिलंय.

दोन माणसांकडे नीट बघा. म्हणजे एक माणूस आणि एक मांजर.

माणूस हा जहाजाचा लेखक. गुडघ्यावर वही, बोटांना शाई. कोणाचा किती माल चढला ते त्याने लिहायचं, आणि त्याने लिहिलं ते खरं. म्हणूनच खोटं लिहिलं तर उजवा पंजा तोडायचा, कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा आणि मालमत्ता जप्त करायची, असा नियम आहे. आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत हा नियम लावावा असा विचार तुमच्या मनात आलाय. तो मनातच ठेवा.

मांजरीला पगार नाही, पण हुद्दा आहे. जहाजावर मांजर न ठेवता उंदरांनी माल खाल्ला, तर भरपाई कप्तानाच्या खिशातून. मांजर असतानाही खाल्ला, तर मालकाचं नशीब. कप्तान स्वतः उपाशी झोपेल, पण मांजरीला तारलीचं डोकं मिळतं.

सार्डिनिया मागे पडलंय. निम्म्याहून जास्त प्रवास झाला. हे ध्यानात ठेवा, पुढे पैशाला उपयोगी पडेल.

मग उत्तरेकडून तो वारा येतो. या भागातले खलाशी त्याला नावानिशी ओळखतात आणि नाव घ्यायचं टाळतात. दुपारी आभाळ लख्ख निळं आहे आणि तरीही समुद्र उकळतोय, ही यातली सर्वात भीतीदायक गोष्ट. संध्याकाळपर्यंत जहाज एका कुशीवर कलतं आणि तिथेच राहतं. फळ्या करकरतात, जुन्या वाड्याचा जिना करकरावा तशा, फक्त इथे जिना संपला की तळ नाही. तुमच्या तोंडात मीठ, नाकात मीठ, डोळ्यांत मीठ. कोणी ओकतंय, कोणी मोंसेरातच्या मारियेला मोठ्याने नवस बोलतंय. नवसातल्या मेणबत्तीची जाडी दर लाटेला वाढते. चौघे पाणी उपसताहेत. उपसतात त्याहून जास्त आत येतंय.

कप्तान तुम्हा सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावतो. आणि आता, आश्चर्य बघा, तो हुकूम देत नाही. विचारतो. डोलकाठीला मिठी मारून, लेखकाच्या आणि खलाशांच्या देखत, ओरडून विचारतो: मंडळी, भार कमी केला नाही तर आपण, माल, जहाज, सगळंच जाईल. थोडं फेकू या का? माल तुमचा आहे, बोला.

कोणी बोलत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मालाकडे बघतोय. मिरीवाल्याने गोणीवर हात ठेवलाय. साखरवाला म्हणतो, कापूस जड असतो, ओला झाला की आणखी जड. सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात.

कापूस भिजला आहे हे खरं आहे. तो कोठारात वरच आहे हेही खरं आहे. पण शंभर पौंड तुमचे आहेत आणि जीव सगळ्यांचा वाचणार आहे, मग एकट्या तुम्हीच का? हा प्रश्न तुमच्या आधी हजारो लोकांनी अशाच कललेल्या फळीवर उभं राहून विचारलाय. म्हातारा मिरीवाला तुमच्या कानाशी येऊन ओरडतो, "टाका! आम्ही सगळे भरू!" आणि तुम्ही हो म्हणता.

थांबा, कप्तान अजून हात लावत नाही. रिवाज असा की पहिली वस्तू व्यापाऱ्याने स्वतः टाकायची. म्हणजे उद्या किनाऱ्यावर कोणी म्हणायला नको की खलाशी घाबरले आणि आमचा माल लुटला. तेव्हा वाका. गासडीचा दोर धरा. तळहात सोलून निघतो. दोन खलाशी मागून ढकलतात. गासडी कठड्यावर क्षणभर टेकते, जणू तिचाही विचार चालू आहे, आणि जाते. आवाजही येत नाही. एवढ्या गोंगाटात शंभर पौंडांचा आवाज येत नाही.

मग सगळे तुटून पडतात. तुमच्या गासड्या, दुसऱ्या कोणाचे लिननचे गठ्ठे, मिळून तीनशे पौंडांचा माल काळ्या पाण्यात. जहाज हळूहळू पाठ सरळ करतं. लेखक कोपऱ्यात वही पोटाशी धरून बसलाय. लिहिता येत नाही म्हणून काय काय गेलं ते मोठमोठ्याने पाठ करतोय, पाढे म्हणावे तसं.

बार्सिलोनाला बंदर आहे असं समजून तुम्ही धक्का शोधाल, तर तो नाही. जहाजं वाळूपासून दूर नांगर टाकतात आणि छोट्या नावा माणसं, माल किनाऱ्याला आणतात. शेवटची काही पावलं पाण्यातून. वाळूवर बास्ताइश उभे आहेत, इथले हमाल. आपल्या माथाडींसारखेच, पाठीवर एवढं ओझं की समोरून फक्त पाय दिसतात. मागे सांता मारिया देल मारचं देऊळ दिसतंय ना, त्याचे दगड यांनीच मॉन्टजुइकच्या डोंगरावरून पाठीवर वाहून आणले. तुमच्या गासड्या उचलायला दोघे पुढे येतात. तुम्ही रिकामे हात दाखवता. त्यांना लगेच कळतं. त्यांनी असे हात पाहिलेत.

जवळच ल्योजा, म्हणजे व्यापाऱ्यांचा चौक. उंच कमानींची नवी कोरी दगडी इमारत. आत दलाल ओरडताहेत, नाणी वाजताहेत, मासे नसूनही माशांचा वास आहे. इथे त्या वहीच्याच नावाचं न्यायालय बसतं, कोन्सोलात. त्याचे पंच म्हणजे कॉन्सल: कायद्याच्या पुस्तकांत पांढरे झालेले पंडित नव्हेत, धंदा कळणारी माणसं. वकिली भाषणं नकोत, लांबण नको, काय झालं तेवढं सांगा. जहाज पुढच्या वाऱ्याला निघणार असतं, तारखा पडत राहिल्या तर कसं चालेल?

आता हिशेब. फळ्यावर नाही, टेबलावरच्या खड्यांनी चाललाय. वाचलेला माल बाराशे पौंडांचा. फेकलेला तीनशेचा. जहाज हजाराचं, पण रिवाजाप्रमाणे जहाजाची निम्मी किंमत धरायची, म्हणजे पाचशे. एकूण दोन हजार. तोटा तीनशे. आपल्याकडे पूर्वी रुपयामागे इतके आणे म्हणत, तसं इथे पौंडामागे इतके सोऊ. वीस सोऊंचा एक पौंड. भागाकार करा: पौंडामागे तीन सोऊ.

मिरीवाल्याचा माल दोनशेचा, त्याला तीस पौंड. कप्तानाला पंच्याहत्तर, तो ओरडतो, पण तो नेहमीच ओरडतो. आणि तुम्हाला? शंभरपैकी पंच्याऐंशी परत. पंधरा का कापले म्हणून तुमचा चेहरा पडलाय. विचार करा: तुम्हाला पुरे शंभर दिले तर या अख्ख्या जहाजावर एकही ओरखडा न उमटलेला माणूस तुम्हीच ठराल, आणि तोही समुद्रात माल टाकून. म्हणून फेकलेला मालही वाटणीत धरायचा. सगळ्यांचं सारखं दुखलं पाहिजे.

आणि तुमच्या कापसाचे शंभर पौंड कोणत्या भावाने? अलेक्झांड्रियात तुम्ही त्याला बरेच कमी मोजले होते. पण वादळ निम्म्या प्रवासानंतर आलं, म्हणून भाव बार्सिलोनाचा. निम्म्याआधी आलं असतं तर खरेदीचा. सार्डिनिया मागे पडलं तेव्हा मी उगाच कोपर मारलं नव्हतं.

या वाटणीला, या सोसलेल्या आणि वाटून घेतलेल्या नुकसानीला, भोवतालची माणसं काय म्हणताहेत, कान देऊन ऐका. 'अवारिया'. जिनिव्हावाले नव्हेत, जेनोआवाले, त्यांचाही हाच शब्द: अवारिया. मुळात अरबी 'अवार', म्हणजे मालातला दोष, डाग. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर अरबी दलाल भिजक्या गठ्ठ्यावर बोट ठेवून जे म्हणत असेल, तेच इथे ल्योजात हिशेबाचं नाव झालंय. पुढे फ्रेंचांनी त्याचं 'अवारी' केलं, आणि इंग्रजांनी 'डॅमेज'सारखी शेपटी लावून 'ॲव्हरेज'. इंग्रजीतही बराच काळ त्याचा अर्थ समुद्रावरचं नुकसान आणि त्याची वाटणी एवढाच होता. अठराव्या शतकात कोणीतरी समुद्र बाजूला ठेवला आणि नुसती कृती उचलली: सगळं एकत्र करा, सगळ्यांत सारखं वाटा. तेव्हापासून पावसाची ॲव्हरेज निघते, मार्कांची निघते, सचिनची कसोटीत ५३.७८ निघते. शून्यावर बाद झालेला डाव म्हणजे समुद्रात टाकलेली गासडी. तिचा भार शतकांनी उचलायचा.

आपला मराठी 'सरासरी' फारसीतून आलाय, 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या शब्दाला मिठाचा वास नाही. मला, खरं सांगू, अरबी डागी मालच जास्त आवडतो.

रिवाज मात्र या शब्दाहून खूप जुना. रोमन कायदेपंडित त्याला ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणत, आणि ५३३ साली सम्राट जस्टिनियनच्या संग्रहात तो गेला. तिथे या पंडितांनी कीस पाडलाय. प्रवाशाच्या बोटातली अंगठी धरायची का? धरायची. अंगावरचे कपडे? तेही. खायला आणलेलं धान्य? नाही, कारण वेळ आली तर ते सगळ्यांनीच खायचं. डोलकाठी वाऱ्याने मोडली तर ती मालकाची एकट्याची. जहाज वाचवायला कुऱ्हाडीने तोडली तर सगळ्यांची. आणि स्वतंत्र माणसाच्या देहाला किंमत लावता येत नाही, म्हणून त्याची वाटणीत गणती नाही.

'स्वतंत्र' हा शब्द तिथे मुद्दाम आहे, आणि इथे मी थट्टा थांबवतो. १७८१ मध्ये झाँग नावाच्या इंग्रजी जहाजावरून १३० हून अधिक गुलाम आफ्रिकी माणसं जिवंत समुद्रात टाकली गेली. पाणी संपत आलं होतं, असं कारण दिलं गेलं. मालकांनी विमेदारांकडे डोईमागे तीस पौंड मागितले. माल फेकला, भरून द्या. ज्यूरीने आधी त्यांच्या बाजूने कौल दिला. १७८३ मध्ये वरच्या कोर्टाने फेरसुनावणीचा हुकूम केला, पण प्रश्न खुनाचा नव्हता, विम्याचा होता. गासडीसाठी शोधलेला इतका समंजस नियम माणसावर लावला की तो कसा दिसतो, ते एकदा पाहून घ्या. मग ल्योजात परत या.

तुम्हाला वाटेल, हे सगळं शिडांबरोबर संपलं. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं, ते आठवतं? त्यावर अठरा हजारांहून जास्त कंटेनर होते. एकही समुद्रात टाकला नाही. तरी जहाजमालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केली, कारण जहाज सोडवायचा खर्चही सगळ्यांसाठीच होता. मग कोणाचे बूट, कोणाची खेळणी, कोणाचं फर्निचर, सगळ्यांच्या मालकांना निरोप: आधी वाट्याची हमी द्या, मग माल न्या. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ही ॲव्हरेज आहे. मिरीवाल्या म्हाताऱ्याला त्यातलं इंग्रजी कळलं नसतं, हिशेब लगेच कळला असता.

जमिनीवरच्या विम्यातही हा शब्द चोरपावलांनी आलाय, आणि तिथे तो जरा खाष्ट आहे. समजा तुमच्या दुकानात दहा लाखांचा माल, आणि हप्ता वाचवायला विमा पाचच लाखांचा काढलात. आग लागली, दोन लाखांचा माल गेला. तुम्ही म्हणता, पाच लाखांच्या आतच आहे की, द्या दोन. सर्व्हेअर कागदावर एक ओळ दाखवतो: ॲव्हरेज क्लॉज. उरलेल्या निम्म्या मालाचे विमेदार तुम्ही स्वतःच होतात, तेव्हा निम्मा तोटा तुमचा. हातात एक लाख. जहाजावर म्हातारा ओरडून सांगत होता की आम्ही सगळे भरू. इथे 'सगळे' म्हणजे कंपनी आणि तुम्ही, एवढेच.

चला, ल्योजात गडबड सुरू झालीय. तुमचे पंच्याऐंशी मोजून झाले आणि साखरवाला टेबलावर मूठ आपटतोय. त्याच्या ढेपा उंदरांनी पोखरल्यात. गवत बाजूला करून दाखवतो: पांढऱ्या साखरेत बोगदे, काळ्या लेंड्या. हीसुद्धा अवारिया, तो म्हणतो, ही पण सगळ्यांत वाटा.

कॉन्सल मान हलवतात. उंदरांनी ती साखर तुम्हा सगळ्यांचा जीव वाचवायला खाल्ली नव्हती. कोणी ठरवून केलेलं नाही, कोणाचं भलं झालेलं नाही. हे ज्याचं गेलं त्याचंच. पुढे इंग्रजी विमावाले याला 'पर्टिक्युलर ॲव्हरेज' म्हणणार आहेत. मराठीत म्हणायचं तर आपली आपण निस्तरायची.

साखरवाला हार मानणारा नाही. तो सावकाश कप्तानाकडे वळतो. "मग जहाजावर मांजर होतं का?"

चौक एकदम शांत होतो. कप्तान पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलतो. होतं. निघताना होतं. सगळे लेखकाकडे बघतात, लेखक आपल्या उजव्या पंजाकडे बघतो आणि म्हणतो, निघताना होतं. आणि वादळानंतर? खलाशी एकमेकांकडे बघतात. त्या रात्री कोणी मांजर पाहिलं नाही. तुम्हीही आठवून बघा. तुमचं लक्ष गासडीकडे होतं.

कॉन्सल एका नावाड्याला जहाजाकडे पाठवतात. तोवर कामकाज थांबलं. तुम्ही वाळूवर येऊन बसता. कोणीतरी हातात पाव आणि तारली ठेवतं. ऊन तापलंय, अंगरखा वाळून कडक झालाय, मिठाने अंगभर खाज सुटलीय. मिरीवाला म्हातारा बाजूला येऊन टेकतो आणि तुमच्या पावावर चिमूटभर मिरी भुरभुरवतो. तीस पौंड दिलेत त्याने, तरी.

लांबून नाव परत येताना दिसते. नावाडी एका हाताने वल्हं मारतोय. दुसऱ्या हातात छातीशी काहीतरी धरलंय, आणि ते त्याला जीव खाऊन ओरबाडतंय.